वेडसर इसम

पोलीस मुख्यालयाच्या सभागृहाला सहा पंखे आहेत, त्यातले चार फिरतायत. सकाळचे साडेदहा वाजलेत. बाहेर कवायतीच्या मैदानावर रात्रीच्या पावसाचं पाणी साचलंय आणि आत ५२ पोलीस बसलेत. निम्मे रात्रपाळी संपवून थेट इकडे आलेत, ते ओळखायला हजेरीपट लागत नाही. शेवटच्या रांगेतल्या एका हवालदाराने टोपी मांडीवर घेतलीय आणि डोळे मिटलेत. त्याला कुणी उठवत नाही. गणपती तीन आठवड्यांवर आलेत. एकदा बंदोबस्त लागला की दसऱ्यापर्यंत यातलं कुणी हाताला लागायचं नाही, म्हणून आजचा दिवस गाठलाय. दिवस म्हणजे साडेतीन तास, चहा धरून.

दक्षिण महाराष्ट्रातलं हे जिल्ह्याचं गाव. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर 'मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ : पोलिसांची कर्तव्ये' असं छापलंय. संसदेने कायदा केला २०१७ला, तो अमलात आला २०१८ला. पोलिसांसह सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण ठरावीक काळाने द्यायचं, असं त्याच्याच तिसाव्या कलमात आहे. शेजारी बसलेल्या फौजदारांना मी विचारते, याआधी कधी झालं होतं?

"माझ्या नोकरीत तरी हे पहिलंच," ते म्हणतात आणि मोबाइल उपडा ठेवतात.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'रुग्णाचे नातेवाईक – १० मिनिटे' असं आहे. पिशवीत चार पानी निवेदन आहे, दोन प्रतींत. दहा मिनिटांपेक्षा माझा भरवसा त्या चार पानांवर जास्त आहे.

सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञ बाई माइक बाजूला ठेवतात. कायद्याला हात न घालता पहिलाच प्रश्न विचारतात, "स्टेशन डायरीत तुम्ही काय लिहिता? रस्त्यावर असा कुणी सापडला तर?"

कुणी बोलत नाही. मग तिसऱ्या रांगेतून एक ठाणे अंमलदार उभा राहतो आणि पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवतो, "'एक अनोळखी वेडसर इसम, वय अंदाजे ३५ ते ४० वर्षे, अंगात मळकट कपडे, एसटी स्टँड परिसरात फिरत असताना मिळून आला.'"

हशा होतो. अंमलदारही हसतो. वाक्य इतकं घोटीव आहे की त्यात आता कुणी माणूस उरलेला नाही. पोलिसी मराठीत मुद्देमालही 'मिळून येतो' आणि माणूसही.

बाई फळ्यावर 'वेडसर' एवढंच लिहितात. "हे ठरवलं कुणी?"

"बघितलं की कळतंय की मॅडम."

"मला नाही कळत. मी तपासते तेव्हा कळतं, कधी तेव्हाही नाही." मग त्या सांगत जातात. साखर एकदम उतरलेला मधुमेही असाच बरळतो, अंगावर येतो. डोक्याला मार लागलेला, फिट येऊन गेलेला, मेंदूत ताप चढलेला, सगळे लांबून सारखेच दिसतात. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत तो थरथरतो, अंगावर किडे चढताना त्याला दिसतात, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर तो मरू शकतो. "तुम्ही त्याला 'वेडसर' लिहून बाकावर बसवून ठेवता. सकाळी तो दगावलेला असतो. मग चौकशी कुणाची लागते?"

आता हसू नाही. चौकशी हा शब्द या हॉलमध्ये सगळ्यांना नीट कळतो. मला वाटतं, बाईंनी हे मुद्दाम केलंय. दया मागण्याआधी त्यांनी धोका दाखवला.

मग शंभरावं कलम. ते त्या वाचत नाहीत, एका तरुण शिपायाला वाचायला लावतात. तो अडखळत वाचतो. हद्दीत कुणी भटकताना आढळला, त्याला मानसिक आजार आहे आणि तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटण्यास कारण असेल, किंवा आजारामुळे त्याच्यापासून त्याला वा इतरांना धोका असेल, तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणे प्रभारीचं कर्तव्य. का घेतलं ते त्याला सांगायचं. ते समजण्याच्या अवस्थेत तो नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला. होईल तितक्या लवकर, पण २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा.

"थांबा," बाई म्हणतात. "काय घ्यायचं लिहिलंय? ताब्यात?"

"संरक्षणात," शिपाई म्हणतो.

"परत म्हणा."

तो परत म्हणतो. शेवटच्या रांगेतल्या हवालदाराने डोळे उघडलेत.

एक पोलीस उपनिरीक्षक उभे राहतात. जुन्या माणसांनी शिकवलेलं ते विचारतात. आधी कोर्टात उभं करायचं, मॅजिस्ट्रेटची ऑर्डर घ्यायची, मग येरवड्याला पोचवायचं, असंच ना? नाही, असं नाही. तो १९८७च्या कायद्याचा रस्ता होता, आणि त्याच्या मुळाशी इंग्रजांचा १९१२चा कायदा होता, ज्याचं नावच मुळी 'ल्युनसी' होतं. आता भटकणाऱ्या माणसासाठी आधी कोर्ट नाही, आधी दवाखाना. तोही मनोरुग्णालयच हवा असं नाही, जवळचा कुठलाही सरकारी. आणि तपासणीची व्यवस्था करणं ही तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची कायद्याने ठरलेली जबाबदारी. मॅजिस्ट्रेट अजून आहे, पण मुख्यतः वेगळ्या प्रसंगासाठी. घरातच कुणाला डांबलं असेल, हाल करत असतील, तर पोलिसांनी त्याला कळवायचं.

उपनिरीक्षक वहीत लिहून घेतात. आत्महत्येच्या प्रयत्नाचं विचारणारा आणखी एक निघतो. ते लवकर आटपतं. जुन्या दंड संहितेतलं तीनशे नऊ कलम १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. लोकसेवकाला काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून रोखण्यासाठी असा प्रयत्न केला तर २२६ आहे, एवढंच. ज्याने प्रयत्न केला तो प्रचंड ताणाखाली होता असं धरून चालायचं, आणि आधी सलाइन, मग जबाब.

"आपल्या जिल्ह्यात असे पेशंट किती असतील मॅडम?"

बाई हसतात. बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, बारा राज्यांत. "त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तुम्हीच मोजा आणि मला सांगा."

माझी दहा मिनिटं येतात.

मी उभी राहते आणि पहिलं वाक्य बोलते, "माझ्या भावाला पोलिसांनी मारलं नाही." हे मी दरवेळी आधी सांगते, नाहीतर समोरचे चेहरे मिटतात. डिसेंबर २०१९. त्याने तीन आठवडे गोळ्या बंद केल्या होत्या. शेजाऱ्यांची डिश अँटेना आपलं बोलणं ऐकते अशी त्याची खात्री झाली, आणि एका रात्री त्याने ती उपटून गटारात टाकली. शेजाऱ्यांनी फोन केला. जे ठाणं होतं त्याचं नाव मी आजवर कुठे घेतलेलं नाही, इथेही घेत नाही. सकाळपर्यंत तो कोठडीत होता, जुगारात धरलेल्या दोघांबरोबर. त्यांनी त्याला विडी देऊ केली, ते बरे होते. कोठडीत घालताना रीतीप्रमाणे त्याचा पट्टा काढून घेतला आणि चष्माही. त्याचा नंबर मोठा आहे. कानात आवाज, आणि डोळ्यांपुढे नुसते हलणारे खाकी डाग. तेव्हा कायदा लागू होऊन वर्षावर झालं होतं. मला तो माहीत नव्हता. ठाण्यातही कुणाला नसावा, असलाच तर कुणी बोललं नाही.

"आता तो बरा आहे. चुलत्यांच्या रोपवाटिकेत पिशव्या भरतो, कलमं बांधतो. गोळ्या मी मोजते. पण दारात पोस्टमन आला तरी आत जातो. त्याचीही खाकीच ना."

साडेसहा मिनिटं झालीत. आणखी काही सांगायचं नसतं, मी बसते. टाळ्या वाजत नाहीत, ते मला बरं वाटतं. पुढच्या बाकावरचे एक वयस्क हवालदार मागे वळून हळूच विचारतात, "ताई, 'देवराई' पिक्चर बघितलाय का? त्यात पण बहीणच असते नव्हं?" असते. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी, २००४चा. त्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते, कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणारे. घरातच स्किझोफ्रेनिया पाहिलेल्या या माणसाने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. हवालदारांना हे सांगावं असं मनात येतं, पण ते पुढे वळलेत. बाईंनी त्यांनाच वर बोलावलंय.

त्यांना रुग्ण व्हायचंय. ते होतात. केस विस्कटतात, जीभ बाहेर काढतात, हीही करत टेबलाभोवती फिरतात. हॉल खदखदून हसतो. हा वेडा आपण सगळ्यांनी सिनेमात बघितलाय. माझ्या घरात तो कधी आला नाही.

बाई रागावत नाहीत. दोन वर्तमानपत्रं मागवतात, त्यांच्या पुंगळ्या करतात आणि दोन शिपायांना हवालदारांच्या दोन्ही कानांशी उभं करतात. एकाने सतत कुजबुजायचं : हा तुला मारायला आलाय, याच्या खिशात बघ, पळ. दुसऱ्याने नुसत्या शिव्या द्यायच्या, जमतील तेवढ्या. ते अवघड जाणार नाही अशी बाईंची खात्री दिसते. समोरून उपनिरीक्षकांनी नेहमीसारखी चौकशी करायची.

"नाव काय?"

हवालदार तोंड उघडतात, थांबतात.

"नाव सांग. गाव कुठलं? आधार कार्ड हाय का?" उपनिरीक्षक एक पाऊल पुढे येतात. "ए, इकडं बघ. काय विचारतोय?"

पुंगळ्या चालू आहेत. मला ऐकू येत नाही, फक्त ओठ दिसतात. हवालदारांची मान एकदा डावीकडे जाते, एकदा उजवीकडे. ते गावाचं नाव अर्धं सांगतात आणि विसरतात. स्वतःच्या गावाचं. उपनिरीक्षक आवाज चढवतात, हात खांद्याकडे नेतात.

"गप्प बसा!" हवालदार ओरडतात आणि हात झटकतात.

ओरडलेत ते पुंगळ्यांवर. पण हात उपनिरीक्षकांच्या मनगटावर बसलाय, आणि उपनिरीक्षकांचा दुसरा हात आपसूक वर गेलाय. दोघेही तसेच उभे. चालू असलेल्या चार पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो.

"इथून पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे," बाई म्हणतात. "सरकारी कामात अडथळा."

हवालदार खुर्चीवर बसून पाणी पितात. पंचावन्नच्या पुढचा माणूस, हात किंचित कापतोय. "दोन मिनिटंबी नव्हती," ते स्वतःशीच म्हणतात.

मग तोच प्रसंग पुन्हा. यावेळी बाई उपनिरीक्षकांना हाताला धरून उभं करतात. समोरासमोर नाही, जरा तिरकं. दोन हात अंतर नको, चार-पाच हात. काठी गाडीत. बोलणारा एकच, बाकीच्यांनी गर्दी हटवायची. नाव आधी आपलं सांगायचं, मग त्याचं विचारायचं. एक प्रश्न विचारला की गप्प राहायचं, कारण त्याला तुमचा आवाज त्या दोन आवाजांतून वेचून काढायचाय. आवाज खोटे आहेत असा वाद घालायचा नाही. खरे आहेत म्हणून मान डोलवायची नाही. आणि घरी सोडतो असं सांगून दवाखान्यात न्यायचं नाही. एकदा फसवलं की पुढच्या पोलिसाच्या वाट्याला तो दुप्पट भेदरलेला येतो. उपनिरीक्षकांना गप्प राहणं जमत नाही, चार सेकंदांत दुसरा प्रश्न सुटतोच. तिसऱ्या वेळी जमतं. हवालदार आपलं गाव पूर्ण सांगतात.

चहा. खारी संपलीय, बिस्किटं आहेत. फळ्यावर बाईंनी 'टेलिमानस १४४१६' लिहून ठेवलंय, ऑक्टोबर २०२२पासून चालू असलेली सरकारी हेल्पलाइन. एक तरुण शिपाई कप घेऊन फळ्याजवळ रेंगाळतो आणि खालच्या आवाजात विचारतो, "मॅडम, यावर पोलिसांनी केला तर वर कळतं का?" बाई त्याला खिडकीपाशी नेतात. मी दुसरीकडे बघते.

चहानंतर बाई मेम्फिसची हकिकत सांगतात. अमेरिकेतलं शहर, १९८७ साल. सत्तावीस वर्षांचा तरुण हातात सुरी घेऊन स्वतःलाच जखमा करत होता. घरच्यांनी मदतीसाठी पोलीस बोलावले, आणि पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. शहर पेटून उठलं. पुढच्या वर्षी, १९८८ला, तिथल्या पोलिसांनी, डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी मिळून एक पद्धत बसवली. स्वतःहून पुढे येणारे पोलीस निवडायचे आणि त्यांना ४० तास शिकवायचं. अमेरिकेत ती पुष्कळ ठिकाणी गेली.

"चाळीस," मागून कुणीतरी म्हणतं. "आपलं साडेतीन."

"त्यात चहा," दुसरा.

मेम्फिसचं नाव आपल्याकडे प्रशिक्षणासाठीच घेतलं जातं. पण त्या योजनेला दुसरा पाय होता, आणि तो बाईंच्या सांगण्यात नाही, माझ्या निवेदनाच्या दुसऱ्या पानावर आहे. तिथे पोलिसांनी माणूस आणला तर नाही म्हणायचं नाही असं ठरलेलं एक रुग्णालय होतं, आणि पोलिसांना तिथून लवकर मोकळं करायचं असंही ठरलेलं होतं. मी हात वर करणार, एवढ्यात डाव्या बाजूने एक महिला पोलीस उभी राहते. तिचा प्रश्न माझ्या पानापेक्षा चांगला आहे.

"मॅडम, तुम्ही सांगितलं ते सगळं करते. लांब उभी राहते, गोड बोलते. पण रात्री दोन वाजता न्यायचं कुठं?"

ती सांगते. गेल्या पावसाळ्यात बायपासवर एक बाई भिजत बसलेली. भाषा कळेना. अंगावर धड कपडा नव्हता, हिने घरून ड्रेस मागवून नेसवला. ठाण्याची गाडी दुसऱ्या कॉलवर गेलेली, म्हणून रिक्षा केली, पैसे पदरचे. दवाखान्यात म्हणाले मानसोपचारवाले सकाळी नऊला येतात, तोवर आम्ही ठेवून घेतलं आणि पळून गेली तर? तुम्हीच ठेवा. ठाण्यात आणावं तर कोठडीत ठेवायचं नाही, आणि बाहेर बाकावर एकट्या बाईला रात्रभर कसं बसवायचं? पहाटेपर्यंत दोघी दवाखान्याच्या पोर्चमध्ये बसून राहिल्या. सकाळी सफाई कामगारांतल्या एकीला तिचं बोलणं उमगलं. तेलुगू होतं.

"घर सापडलं?" मी विचारते.

"सापडलं. अकरा दिवसांनी भाऊ आला न्यायला." ती खाली बसत नाही. तिला उत्तर हवंय.

बाई गप्प. या गप्प राहण्याचा मला आदर वाटतो. तिथे बसवलेलं भाषण त्यांना सहज करता आलं असतं. मग म्हणतात, "माझ्या कक्षात दहा खाटा आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञ मी एकटी. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आपल्याला धरायचं तर येरवडा, अडीच हजारांवर खाटा, पण सव्वादोनशे किलोमीटर. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी पेशंट नाकारायचा नाही, असं कायदा सांगतो. त्यांना ते कुणी लेखी सांगितलेलं नाही. ते माझ्या हातात नाही."

"मग आमच्या तरी कुठं आहे?" महिला पोलीस म्हणते आणि बसते.

मला सांगायचंय ते एवढंच आहे. या महिला पोलिसाला आणखी चाळीस तास शिकवलं तरी त्या रात्री ती पोर्चमध्येच बसणार होती. शिकवायला तर हवंच, पुंगळीच्या दोन मिनिटांत हवालदारांना जे कळलं ते कुठल्याही परिपत्रकातून कळलं नसतं. पण माणसाला हळुवार हाताने उचलायला शिकवायचं आणि उतरवायला जागा द्यायची नाही, ही त्या पोलिसाचीही फसवणूक आहे. चार पानांत म्हणून काही फार मागितलेलं नाही. पोलीस अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या सह्यांचा एक संयुक्त आदेश, ज्यात रात्री फोन कुणाला करायचा ते नावापदासह असेल. सिव्हिलमध्ये पोलिसांनी आणलेल्या माणसासाठी राखीव दोन खाटा, त्यातली एक बाईसाठी. रिक्षाचे पैसे कुठल्या खात्यातून मिळणार, त्याचा उल्लेख. प्रत्येक ठाण्यात असं प्रशिक्षण घेतलेले निदान दोघं, आणि ते दर वर्षी. आणि डायरीत लिहायचा मजकूर : 'मानसिक आजार असण्याची शक्यता असलेली व्यक्ती, संरक्षणात घेतली.' लांब आहे, मान्य. पण 'अंगात मळकट कपडे' लिहायला वेळ मिळतोच ना.

दोन वाजता हॉल रिकामा होतो. वयस्क हवालदार जाताना एक पुंगळी उलगडून त्या पेपरातलं शब्दकोडं फाडून खिशात घालतात. अधीक्षक बाहेरगावी आहेत, निवेदन आवक-जावक शाखेत द्यायचंय. मुख्य इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखाली.

लिपिक डबा खातायत. मी थांबते. हात धुऊन, पुसून ते चारही पानं चाळतात, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारतात, लांब नोंदवही उघडतात. आवक क्रमांक, तारीख, कुणाकडून. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबतं.

"विषय काय लिहू ताई?"

"वरच लिहिलाय की. मानसिक आजारी व्यक्तींना पोलीस संरक्षणात घेण्याबाबतची कार्यपद्धती."

"एवढं मावत नाही," ते म्हणतात आणि लिहितात. वही उलटी असूनही मला वाचता येतं : 'वेडसर इसमांबाबत.'

"दादा, तो शब्द बदलता येईल का?"

ते वहीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. खरंच वाईट वाटल्यासारखे. "आवक रजिस्टरला खाडाखोड चालत नाही ताई. पुढच्या वेळी."

मी माझी प्रत घेते. शिक्का ओला आहे, पिशवीत घालण्याआधी वाळवावा लागतो.